खोडवा ठेवावा की मोडावा?
(डॉक्टरकीच्या दुसऱ्या प्रयत्नाविषयी चार शब्द)



गळीत हंगाम आटोपला की आपल्या घराघरांत हिशेब सुरू होतो. पहिला हप्ता किती आला, तोडणी-वाहतुकीचे किती कापले, सोसायटीचे किती गेले, हातात काय राहिले. अलीकडे त्याच सुमारास आणखी एक हिशेब येऊन पडतो, तो म्हणजे पोराच्या किंवा पोरीच्या नीट परीक्षेच्या मार्कांचा. गट ऑफिसच्या बाकावर बसावे तर उसाच्या टनेजइतकीच चर्चा मार्कांची ऐकू येते.

"काय आण्णा, पोरीला किती पडले?"

"पावणेपाचशे. पण नंबर लागंना म्हणत्यात."

"मग आता?"

"आता काय, ती म्हणती आणखी एक वर्ष द्या. हिची आई म्हणती पुरं झालं. मला काही सुधरत नाही बघा."

हे 'सुधरत नाही' म्हणणारे बाप चिकलठाण्यात आहेत, करमाडकडे आहेत, पैठण-गंगापूरकडे आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच. एकदा नंबर हुकला, तर दुसऱ्यांदा परीक्षेला बसवावे की नाही? प्रश्न सोपा वाटतो आणि त्याची उत्तरेही सोपी दिली जातात. क्लासवाला म्हणतो, बसवा. भावकी म्हणते, बीएस्सीला टाका. मुलगी असली तर भावकी आणखी काय म्हणते ते आपल्याला ठाऊक आहे. माझे म्हणणे असे की या प्रश्नाकडे ऊस उत्पादकाने ऊस उत्पादकाच्याच नजरेने पाहावे. आपल्याला खोडवा ठेवायचा की मोडायचा हे ठरवता येते. इथेही तेच ठरवायचे आहे.

आधी आकडे पाहू, कारण पुष्कळ आई-बापांना 'क्वालिफाय झाला' आणि 'अॅडमिशन मिळाली' यातला फरक कोणी सांगितलेलाच नसतो. २०२४ साली नीटला देशभरातून सुमारे २३ लाख ३३ हजार मुले बसली. त्यातली १३ लाख १६ हजार पात्र ठरली. आणि त्या वर्षी देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून होत्या सुमारे १ लाख १८ हजार, त्याही सरकारी-खाजगी धरून. म्हणजे पात्र ठरलेल्या अकरा मुलांमागे एक जागा, आणि परीक्षेला बसलेल्या वीस मुलांमागे एक. यातल्या सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. तेव्हा पेढे वाटून झाल्यावर नंबर लागला नाही म्हणून पोराला नालायक ठरवणारा बाप हिशेबातच चुकतो आहे. गव्हाणीची ताकद ठरलेली असते. ऊस चांगला असला तरी रांगेत थांबावेच लागते.

दुसरी गोष्ट, मार्कांना एकटे पाहून काही कळत नाही. २०२४ साली पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडले होते. वाढीव गुणांचा घोळ, १५६३ मुलांची फेरपरीक्षा आणि सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी यानंतर सुधारित निकालात ते १७ राहिले. पुढच्याच वर्षी, २०२५ साली, पेपर असा कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर आली. तेव्हा 'शेजाऱ्याच्या पोराला सहाशे पडले आणि तुला सव्वापाचशेच' असे म्हणण्याआधी ती परीक्षा कोणत्या वर्षाची होती ते विचारावे. आपण नुसत्या टनेजवर भाव ठरवतो का? उतारा पाहतो. इथे उतारा म्हणजे रँक. देशातला क्रमांक किती, राज्याच्या यादीतला किती, आपल्या प्रवर्गातला किती, आणि गेल्या फेरीत शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली. आपण त्या क्रमांकापासून किती लांब राहिलो, हे पहिल्यांदा कागदावर लिहून काढावे.

आता खोडव्याकडे येऊ. खोडवा ठेवण्याआधी आपण शेतात फिरतो. फुटवा कसा आहे, नांग्या किती पडल्या, हुमणी लागली होती का, हे पाहतो. नांग्या जास्त असल्या तर कितीही जीव तुटला तरी नांगर घालतो. पोराच्या बाबतीत हे फिरणे कोणी करत नाही. निकालाचा एक आकडा ऐकायचा, एक तर रागवायचे नाही तर पुन्हा फी भरायची, एवढेच होते. वास्तविक परीक्षा घेणारी संस्था मुलाच्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरांची यादी दोन्ही देते. ती समोर घेऊन बसावे. बाप शिकलेला नसला तरी चालेल, मोजता आले म्हणजे झाले.

उदाहरणच घ्या. परीक्षेत १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकले तर १ गुण कापला जातो आणि कोरे सोडले तर काहीच नाही. आता दोन मुलांना प्रत्येकी ४७५ गुण पडले आहेत असे धरा. पहिल्याचे १२५ बरोबर, २५ चूक आणि ३० प्रश्न कोरे आहेत. हिशेब करून पाहा: पाचशे वजा पंचवीस. दुसऱ्याचे १३१ बरोबर, ४९ चूक आणि कोरा एकही नाही. पाचशे चोवीस वजा एकोणपन्नास. मार्क तेवढेच, पण दुखणे अगदी वेगळे. पहिल्याला आपल्याला काय येत नाही ते ठाऊक आहे. ते तीस प्रश्न कोणत्या धड्यांतले ते पाहिले की वर्षभराचे काम समोर येते. दुसऱ्याला येते जास्त, पण तो अंदाजाने गोळे काळे करतो. त्याने चुकलेल्यांतले निम्मे जरी कोरे सोडले असते तरी चोवीस गुण वाचले असते, आणि या परीक्षेत चोवीस गुणांत हजारो मुले मागे-पुढे होतात. या दुसऱ्याला पुन्हा पहिल्या पानापासून क्लास लावणे म्हणजे रोग मुळाशी असताना पानांवर फवारणी करणे होय.

आणखी एक तपासावे, विषयवार गुण. जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात, भौतिक आणि रसायनचे ४५-४५. आपल्या खेड्यातल्या मुलांचे जीवशास्त्र बहुधा बरे असते, कारण तिथे पाठ करून भागते. नांग्या पडतात त्या भौतिकशास्त्रात. तिथे गणित लागते, आणि गणित आठवीपासून कच्चे असेल तर एका वर्षात ते भरून निघेल का, हे मुलाला शिकवणाऱ्या एखाद्या जुन्या, पोट दुसऱ्या कशावर भरणाऱ्या मास्तराला विचारावे. क्लासच्या काउंटरवर विचारू नये. बेणे विकणाऱ्याला कोणी विचारते का की बाबा, ऊस लावू की नको?

आता खर्च. दुसऱ्या वर्षासाठी क्लास, खोली आणि खानावळ धरून दोन लाखांचा आकडा आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये होती, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात टनाला अडीच ते तीन हजार पडतात असे धरले, तर दोन लाख म्हणजे ६७ ते ८० टन ऊस झाला. एकरी चाळीस टन काढणाऱ्या सभासदाचे ते दोन एकर आहेत. खत, पाणी, मजुरी अजून यातून जायची आहे. ज्याचा सगळा ऊसच तीन एकर, त्याने हा आकडा बायको-पोरांसमोर मोठ्याने वाचावा. लपवू नये. पोराला ठाऊक नसते असे आपल्याला वाटते, पण ठाऊक सगळे असते. फक्त अर्धवट असते, आणि अर्धवट माहितीचे ओझे जास्त होते.

पण खोडव्याचा फायदा कशात असतो? नांगरट वाचते, बेणे वाचते, लावणीची मजुरी वाचते. दुसऱ्या वर्षाचेही तसेच आहे. ज्या मुलाचा अभ्यासक्रम एकदा पुरा होऊन गेला आहे, त्याला तोच क्लास पूर्ण फी भरून पुन्हा कशाला? त्याला लागते ते सराव परीक्षांचे शुल्क, एनसीईआरटीची पुस्तके, अडले तर विचारायला एक माणूस आणि बसायला शांत जागा. एवढ्याचा खर्च दोन लाखांच्या कितीतरी आत बसतो. मात्र जुनी वही-पुस्तके तशीच उघडू नयेत. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातून काही भाग वगळले गेले आहेत, तेव्हा ताजा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. नाही तर नसलेल्या धड्यांवर महिने जातील.

आणि खोडव्याला आपण काय करतो तेही सांगून टाकतो, राग मानू नका. फुकटचे पीक समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. पाचट पेटवतो, बुडखे छाटत नाही, नांग्या भरत नाही, खत उरले तर टाकतो. मग म्हणतो, खोडवा साधला नाही. शास्त्र सांगते की ऊस तुटल्यावर पंधरा दिवसांत पहारीने पहिले खत जमिनीत गेले पाहिजे. दुसऱ्या प्रयत्नाच्या मुलाचेही असेच होते. 'अभ्यास झालेलाच आहे' म्हणून जून जातो, जुलै जातो, फेऱ्यांच्या याद्या बघण्यात ऑगस्ट जातो, गणपती-महालक्ष्म्या होतात आणि दिवाळीनंतर पोरगे पुस्तक उघडते. परीक्षा अलीकडे बहुधा मेच्या सुरुवातीला असते. मग राहिले किती? फेब्रुवारीचा मध्य उलटल्यावर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये म्हणतात, तशी इथेही निर्णयाची एक वेळ आहे. निकालानंतर महिनाभरात ठरवावे, आणि ठरले की त्याच आठवड्यात सुरू करावे.

किती वेळा बसता येते? कायद्याने आता कितीही वेळा. २०१७ साली पंचवीस वर्षांची वरची अट घातली होती, ती कोर्टात गेली आणि अखेर मार्च २०२२ मध्ये काढून टाकली गेली. उशिरा जाग आलेल्या मुलांचे, शिकत शिकत पोट भरणाऱ्यांचे यात भले झाले. पण बांध काढला की पाणी कुठेही जाते. सरकारने मर्यादा काढली म्हणून घराने काढू नये. माझे स्पष्ट मत आहे की दुसरा प्रयत्न बहुतेक मुलांना द्यावा. तिसरा, म्हणजे आपल्या भाषेत निडवा, फक्त त्यालाच द्यावा ज्याचा क्रमांक दुसऱ्या वेळी खरोखर पुढे सरकला आहे आणि जागेच्या अगदी जवळ आला आहे. आणि त्यालाही मोकळे ठेवू नये. बीएस्सीला, फार्मसीला कुठेतरी नाव घालून ठेवावे. वय वाढते, बरोबरीचे पुढे जातात, गावात तोंड दाखवायची लाज वाटू लागते. ही लाज फार वाईट.

या लाजेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. २०२५ च्या जून महिन्यात आपल्याच महाराष्ट्रात, सांगली जिल्ह्यात, सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून शिक्षक असलेल्या बापाने केलेल्या मारहाणीत सतरा वर्षांची मुलगी मेली. बाप अडाणी नव्हता, व्यसनी म्हणून प्रसिद्ध नव्हता, शाळा चालवणारा होता. कोट्याच्या बातम्या तर आपण दर वर्षी वाचतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी नियमावली काढून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगितले. नियम निघतात, पाटी बदलते, क्लास चालू राहतो. घरातल्या चुलीपाशी काय बोलले जाते यावर कोणते सरकार नियमावली काढणार? 'तुझ्यापायी दोन एकर ऊस गेला' हे वाक्य ज्या घरात रोज बोलले जाते, तिथे दुसरा प्रयत्न देऊ नये, असे मी म्हणेन. ती शिक्षाच असते, नाव तेवढे संधीचे. पोर जेवेनासे झाले, रात्र रात्र जागू लागले, बोलेनासे झाले तर परीक्षा गेली खड्ड्यात, आधी त्याला जवळ घ्यावे. टेली-मानस म्हणून सरकारची फुकट फोनसेवा आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येते. हा नंबर भिंतीवर लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. आपण पशुवैद्याचा लिहून ठेवतोच की.

आता मुलींविषयी. मुलाचा नंबर हुकला तर आपण म्हणतो, 'पोरगं हुशार आहे, नशीब आडवं आलं.' मुलीचा हुकला तर म्हणतो, 'एकदा बसवलं ना, आता स्थळं बघू.' नीटला बसणाऱ्यांत आता मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. पण दुसऱ्यांदा बसू द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो. खोली घेऊन शहरात ठेवायची भीती, लोकांची तोंडे, आणि 'परक्याचं धन' ही जुनी खोड. यावर उपदेश करण्यापेक्षा एक शासननिर्णय सांगतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत कुटुंबाचे उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठे सोडून. म्हणजे तोच क्रमांक मुलीचा असेल तर घराला कमी पैसे लागतात. निव्वळ व्यवहार पाहणाऱ्याने तर मुलीलाच आधी दुसरे वर्ष द्यावे!

दवाखान्याचे दार बाईला एका धक्क्यात कधीच उघडलेले नाही. अमेरिकेत एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईला एकामागून एक कॉलेजांनी नाकारले. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या कॉलेजाने प्रश्न विद्यार्थ्यांवर सोपवला. त्यांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी 'येऊ द्या' म्हणून टाकले. १८४९ साली ती डॉक्टर होऊन बाहेर पडली. पुढे स्कॉटलंडात एडिंबरोच्या विद्यापीठाने सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या सोबतिणींना बसू दिले, पण पदवी नाकारली. तेव्हा त्या बायांनी खटपट करून १८७४ साली लंडनमध्ये बायकांसाठी वेगळे मेडिकल स्कूलच काढले. आणि लहानपणी लावलेले लग्न नाकारून मुंबईच्या कोर्टात उभी राहिलेली आपली रखमाबाई १८८९ साली जाऊन शिकली ती त्याच स्कूलात. परत येऊन तिने सुरत-राजकोटकडे आयुष्यभर रुग्णसेवा केली. एडिंबरोने परत पाठवलेल्या बाया घरी जाऊन बसल्या असत्या तर रखमाबाईला दार सापडले नसते. असो. विषय लांबला, पण सांगावेसे वाटले.

आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला काय होते आणि काय आले, हेही पाहायला हवे. संभाजीनगरची घाटी १९५६ पासूनची. अंबाजोगाईचे ग्रामीण मेडिकल कॉलेज सत्तरच्या दशकातले, नांदेडचे १९८८ चे. त्यात राज्यात सत्तर-तीसचे सूत्र होते. विभागातल्या सत्तर टक्के जागा विभागातल्या मुलांना, तीस टक्के बाहेरच्यांना. ऐकायला बरे, पण ज्या विभागात कॉलेजेच थोडी तिथल्या मुलाला त्या सत्तर टक्क्यांतूनही थोडेच मिळायचे, आणि पुण्या-मुंबईकडे जावे तर तीस टक्क्यांच्या फटीतून. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. त्यानंतर धाराशिव, परभणी आणि २०२४ मध्ये जालना, हिंगोली इथे सरकारी मेडिकल कॉलेजे सुरू झाली. जालना तर चिकलठाण्याहून सरळ रस्त्याने. पाच-सात वर्षांपूर्वी ज्या क्रमांकाला दार बंद होते, त्याला आता दार किलकिले तरी झाले आहे. जुन्या अनुभवावरून 'आपल्या पोरांना कुठं मिळतंय' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जागा किती जवळ आल्या ते पाहायचे तर चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात, त्याकडेही पाहावे. २०२० च्या कोरोनात तिथे जे डॉक्टर आणि सिस्टर उभे राहिले, त्यांच्यात शेतकऱ्यांची लेकरे थोडीथोडकी नव्हती.

खाजगीचा मार्ग आपल्याला परका नाही. उलट त्याची सुरुवात सहकाराच्याच माणसांनी केली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले, आणि १९८४ साली त्याच परिसरात लोणीला मेडिकल कॉलेज निघाले. कृष्णाकाठी कराडला त्याच वर्षी. उसाच्या पट्ट्यात डॉक्टर तयार होतील ही कल्पना मोठीच होती, आणि झालेही. पण राज्यभर देणग्यांचा असा बाजार माजला की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. आज लोणी आणि कराड दोन्ही अभिमत विद्यापीठे आहेत, आणि राज्यातल्या काही अभिमत विद्यापीठांची एमबीबीएसची फी वर्षाला वीस लाखांच्या वर आहे. तीन एकरवाल्या सभासदाने तिकडे पाहून नुसती मान वाकडी करायची. तेव्हा 'सीट मिळवून देतो' म्हणत मोटारीतून गावात येणाऱ्या दलालांना ओट्यावरही बसू देऊ नका. सगळे प्रवेश यादीने, क्रमांकाने होतात. २०२४ च्या पेपरफुटीत पाटणा-हजारीबागची नावे आली आणि आपल्या लातुरातही दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. मेहनतीच्या मुलांचा विश्वास त्या उन्हाळ्यात किती उडाला, ते त्या वर्षी दुसऱ्यांदा बसलेल्यांना विचारावे.

परदेशाचेही तसेच. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय मुले जीव मुठीत धरून परत आली. त्यांतली कितीतरी इथे नंबर हुकला म्हणून गेलेली. परत येऊन इथली परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिचा निकाल अलीकडच्या वर्षांत बहुतेक वेळा शंभरात तीसच्या आतच राहिला आहे. जमीन विकून पाठवण्याआधी एवढा एक आकडा वाचावा.

राहिला प्रश्न मोडलेल्या खोडव्याचा. नांगर घातला म्हणजे रान पडीक ठेवत नाही आपण. हरभरा घेतो, गहू घेतो. नीटच्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, दातांची आणि जनावरांची डॉक्टरकी मिळते. यातली शेवटची, परभणी आणि उदगीरच्या कॉलेजांतली, आपल्या लोकांनी का कमी लेखावी हे मला कळत नाही. गाय अडली की रात्री दोन वाजता ज्याला आपण गाडी घेऊन आणायला जातो, तो काय कमी डॉक्टर? पण एक सांगतो. आयुर्वेदाला प्रवेश घेऊन, मन एमबीबीएसमध्ये ठेवून, चोरून पुन्हा नीटला बसणारी मुले दोन्हीकडे पडलेली दिसतात. तसे करायचेच असेल तर प्रवेश सोडण्याची मुदत काय, दंड किती, पुढच्या वर्षी बसायला बंदी येते का, हे नियम आधी वाचावेत. फेरीगणिक नियम वेगळे असतात.

आणि कागदपत्रे! दर वर्षी मार्क असूनही जागा गेल्याची गोष्ट कानावर येते. जातीचा दाखला असतो तर वैधता नसते, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलेली असते, अधिवासावर नाव वेगळे आणि बारावीच्या मार्कशीटवर वेगळे. दुसऱ्या प्रयत्नाच्या वर्षात बापाच्या वाट्याला करण्यासारखे खरे काम हेच आहे. पोराने भौतिकशास्त्र करावे, बापाने तहसील करावी.

हे सगळे एकेका घराने एकटे करायचे म्हटले तर होत नाही, म्हणून कारखान्याकडे तीन मागण्या आहेत. शेतकी खात्याचे गट ऑफिस हंगाम संपल्यावर सायंकाळी रिकामेच असते. तिथे दिवे, पंखा आणि चार टेबले देऊन दुसऱ्या प्रयत्नाच्या मुला-मुलींसाठी अभ्यासिका सुरू करावी. मुलींना गावातच बसायला जागा झाली तर शहरातल्या खोलीचा अर्धा प्रश्न सुटतो. ऊस नोंदीसाठी घरोघर फिरणाऱ्या चिटबॉयच्या हाती लागणाऱ्या दाखल्यांची छापील यादी द्यावी, ती जून नव्हे, जानेवारीतच. आणि सराव परीक्षांच्या शुल्कापुरती, दहा-पंधरा हजारांची, बिनव्याजी उचल उसाच्या बिलातून कापून घेण्याच्या अटीवर सभासदाच्या पाल्याला एकदाच, दुसऱ्या प्रयत्नासाठीच, द्यावी. हा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा अशी सूचना करीत आहे. अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी सभेच्या नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी आपले नाव आणि सभासद क्रमांक चिकलठाणा गट ऑफिसात लेखी द्यावा.